हिरव्या भुकटीचं जिवाणूंशी वैर

श्रोतेहो, नमस्कार. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे. म्हणून जिवाणू शरीरात शिरण्याआधीच, कॅथेटरच्या, म्हणजे शरीरात घालायच्या नळीच्या, किंवा जखमेवरच्या पट्टीच्या पृष्ठभागावर त्यांना गाठता येईल का, याचा शोध मला फार मोलाचा वाटतो.

या कामासाठी तपासलं जाणारं एक द्रव्य म्हणजे पॉलिअॅनिलीन, वीज वाहून नेणारं प्लास्टिक. ते अॅनिलीन या रसायनाचे रेणू साखळीत जोडून बनतं. आम्लात विरघळवलेल्या अॅनिलीनमध्ये अमोनियम परसल्फेट थेंबथेंब सोडलं, की द्रावण आधी निळसर होतं आणि मग गर्द हिरवं. त्याच द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण आधीच ढवळून ठेवले, तर प्रत्येक कणावर या हिरव्या प्लास्टिकचा थर चढतो; हीच आपली हिरवी भुकटी. जिवाणूंविरुद्ध वापरलं जाणारं दुसरं द्रव्य, झिंक ऑक्साइड, मात्र आम्लात विरघळतं, तिथे वेगळी वाट धरावी लागते.

टायटॅनियम डायऑक्साइड अर्धवाहक आहे, म्हणजे धातूपेक्षा कमी पण काही प्रमाणात वीज वाहून नेणारा पदार्थ. अतिनील प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन उसळून वर जातो आणि मागे धन पोकळी, म्हणजे इलेक्ट्रॉनची धन भारित रिकामी जागा, राहते. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळतो, पोकळी पाण्याला भिडते, आणि जिवाणूचं पटल, म्हणजे त्याच्या पेशीचं बाहेरचं आवरण, फाडणारे अतिक्रियाशील रेणू तयार होतात. अडचण अशी, की बहुतेक इलेक्ट्रॉन त्याआधीच पोकळीत परत पडतात. पॉलिअॅनिलीन पोकळी आपल्याकडे ओढून घेतं, दोघांची ताटातूट टिकते. शिवाय ते साधा, डोळ्यांना दिसणारा उजेडही शोषतं. खरी करामत या जोडीत आहे, असं माझं मत आहे. आणि अंधारातही काम पुरतं थांबत नाही: पॉलिअॅनिलीनवरचा धन भार जिवाणूंच्या ऋण भारित पृष्ठभागाला ओढून धरतो.

आता चाचणीबद्दल. जिवाणू वाढवलेल्या बशीत भुकटीभोवती जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ दिसलं, की मोठा गाजावाजा होतो. पण ही भुकटी पाण्यात विरघळत नाही, ती आगरमध्ये, म्हणजे बशीतल्या जेलीसारख्या थरात, पसरणार कशी? ते वर्तुळ कदाचित धुऊन न काढलेल्या आम्लाचं किंवा उरलेल्या अॅनिलीनचं असेल, आणि अॅनिलीन माणसालाही विषारी आहे. त्यापेक्षा भुकटी नीट धुऊन, जिवाणूंच्या द्रावणात मिसळून, एक नमुना उजेडात आणि एक अंधारात ठेवावा आणि जिवंत राहिलेल्या जिवाणूंपासून वाढणाऱ्या वसाहती, म्हणजे त्यांचे ठिपके, मोजाव्यात. सोबत माणसाच्या त्वचेच्या पेशींवरही तीच भुकटी तपासावी, कारण जिवाणूचं पटल फाडणारे रेणू आपल्या पेशींनाही सोडत नाहीत.