तेलकट चेहऱ्यासाठी कोणती माती?

आजच्या व्याख्यानाचा जाहीर विषय मुलतानी माती, बेंटोनाइट आणि केओलिन या लेपाच्या तीन मातींची तुलना हा आहे आणि ती मी करणारच आहे. परंतु त्याआधी एका समजुतीविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लेप लावून त्याला भेगा पडेपर्यंत न बोलता, न हसता बसून राहायचे आणि धुतल्यावर गाल ताणले गेले की चेहरा खरा स्वच्छ झाला असे मानायचे, ही रीत आपल्या घराघरांत रुजली आहे. आत्ता जे हसले, त्यांच्याही घरी ती असणार!

हा ताण स्वच्छतेचा नसून कोरडेपणाचा असतो. लेप पुरता वाळला की तो त्वचेच्या वरच्या थरातले पाणी ओढू लागतो, आणि तेलकट त्वचेतही पाण्याची कमतरता असू शकते, ही गोष्ट आपण विसरतो. तेल येते ते त्वचेतील स्नेहग्रंथींतून, आणि त्यांच्यावर अंमल असतो अँड्रोजन या संप्रेरकांचा. म्हणूनच वयात येताना चेहरा एकाएकी तेलकट होतो. माती पृष्ठभागावर साचलेले तेल उचलते, ग्रंथींचे काम थांबवत नाही. काही तासांनी नाक पुन्हा चमकू लागले, तर त्यात मातीचा दोष नाही.

माझी खरी तक्रार पुड्यांविषयी आहे. ‘विषद्रव्ये खेचून काढते’ हे ठळक छापलेले असते. माती कुठली, तिच्यात खनिजे कोणती, तिचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) किती, याचा मात्र पत्ता नसतो. एका दुकानात मी खाण कुठली असे विचारले, तर ‘मुलतानची’ असे ठाम उत्तर मिळाले. मुलतान पाकिस्तानी पंजाबात आहे, आणि आपल्याकडे ही माती प्रामुख्याने राजस्थानात, बारमेर-बिकानेरच्या पट्ट्यात निघते. हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण जमिनीतून आलेल्या वस्तूबरोबर जड धातूही येऊ शकतात; 2016 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बेंटोनाइटच्या एका उत्पादनात शिसे आढळल्यामुळे ते न वापरण्याचा इशारा दिला होता. लेपात लिंबू पिळणाऱ्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे की तसे करू नये. लिंबाचा रस त्वचेवर राहून ऊन लागले, तर चट्टे उठतात आणि त्यांचे डाग लवकर जात नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा तुलना थोडक्यात करतो. बेंटोनाइटमध्ये मुख्यतः माँटमोरिलोनाइट हे थराथरांचे खनिज असते. त्याच्या थरांच्या मधे पाणी शिरते, त्यामुळे ते फुगते, आणि सोडियम असलेला प्रकार तर कित्येक पट फुगतो. त्याची पकड जोरकस असते, पण त्याच्या लगद्याचा सामू बहुधा 8 ते 10 असतो, तर चेहऱ्याच्या त्वचेचा सुमारे 5. म्हणून अतिशय तेलकट चेहऱ्यावर आठवड्यातून एकदा ते पुरे. केओलिनचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, पाणी आत शिरत नाही, शोषण बेताचे होते. नाक-कपाळ तेलकट आणि गाल कोरडे असतील, किंवा त्वचा लवकर लाल होत असेल, त्यांनी हीच माती घ्यावी. मुलतानी माती सामान्यतः या दोहोंच्या मधली, मात्र खाणीगणिक बदलणारी. ती बारीक चाळलेली घ्यावी, दर वेळी ताजी कालवावी आणि लेप कडेने फिकट होऊ लागताच, मधला भाग ओलसर असतानाच, धुऊन टाकावा.

राहिले मातीयुक्त फेसवॉश. तो चेहऱ्यावर जेमतेम अर्धा मिनिट राहतो आणि तेल काढण्याचे बहुतेक काम त्यातले सर्फॅक्टंट, म्हणजे तेल सुटे करून पाण्याबरोबर वाहून नेणारी द्रव्ये, करतात, म्हणून रोजच्या वापरासाठी निवड करताना मातीच्या नावापेक्षा ते सर्फॅक्टंट किती सौम्य आहेत हे पाहावे. घटकांची यादी साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. तिच्यात माती सुगंधाच्याही खाली दिसली, तर त्या ट्यूबसाठी मातीच्या नावाने जास्तीचे पैसे मोजू नयेत.