गीताच्या कोपऱ्यातले ८.६.८.६ हे आकडे काय सांगतात?

नमस्कार. कुठलंही इंग्रजी प्रोटेस्टंट गीतपुस्तक उघडा आणि गीताच्या कडेला बारीक टाइपात काय छापलंय ते बघा. 'न्यू ब्रिटन' असं काहीतरी नाव, आणि शेजारी ८.६.८.६. हे नाव गीताचं नाही, चालीचं आहे. आकडे म्हणजे प्रत्येक ओळीतली अक्षरं.

मोजूया. 'न्यू ब्रिटन' ही 'अमेझिंग ग्रेस' या गीताची चाल, आणि त्याची पहिली ओळ अशी: अ-मे-झिंग-ग्रेस-हाउ-स्वीट-द-साउंड. आठ. पुढची ओळ सहा, मग पुन्हा आठ, पुन्हा सहा. याला 'कॉमन मीटर' म्हणतात. मोजायचे ते उच्चाराचे तुकडे, लिहिलेली अक्षरं नव्हेत. 'साउंड' हा एकच तुकडा. मोठ्या अभंगाचं ६-६-६-४ ठाऊक असेल तर हे लगेच कळेल. एका चालीत दुसरा अभंग म्हणता येतो तो याच हिशेबावर.

हे आकडे लागतात, कारण शब्द आणि चाल शतकानुशतकं वेगवेगळी राहिली. जॉन न्यूटनचे 'अमेझिंग ग्रेस'चे शब्द १७७९ साली इंग्लंडात छापले गेले, नुसते शब्द. आज आपण ऐकतो ती चाल त्यांना जोडली अमेरिकेत विल्यम वॉकरने, १८३५ साली. या चालीत पाचच स्वर आहेत, सा रे ग प ध. म्हणजे आपल्या भूपाचेच.

स्कॉटलंडमध्ये तर ही फारकत पुस्तकाच्या बांधणीतच दिसते. तिथल्या १६५० च्या स्तोत्रपुस्तकातली (बायबलमधल्या स्तोत्रांची पद्यरूपं) बहुतेक स्तोत्रं कॉमन मीटरमध्ये होती, त्यामुळे मोजक्या चालींवर सगळं भागायचं. पुढे अशी पुस्तकं निघाली की प्रत्येक पान मधोमध आडवं कापलेलं. वरच्या अर्ध्या पानावर चाल, खालच्या अर्ध्यावर शब्द. वरचं पान एकीकडे उलटा, खालचं दुसरीकडे. आकडे जुळले की गायला सुरुवात. गीतपुस्तकांच्या इतिहासात याहून देखणी युक्ती नाही.

१८६१ च्या 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न'ने शब्द आणि चाल एकाच पानावर छापली. हे पुस्तक इतकं खपलं की अनेक जोड्या लोकांच्या कानात कायमच्या बसल्या. तरी आजही बऱ्याच पुस्तकांत शेवटी मीटरवार सूची असते. चाल बदलायची तर तिथूनच सुरुवात करा.

पण आकडे जुळले म्हणजे काम झालं असं नाही. चुका इथेच होतात.

'जॉय टु द वर्ल्ड' घ्या. आयझॅक वॉट्सचे शब्द, १७१९. मीटर तेच, ८.६.८.६. त्याची 'अँटिऑक' ही चाल वरच्या सा वरून सरळ उतरते: सां नि ध प म ग रे सा. आठ स्वर, आठ अक्षरं, आणि 'जॉय'वर पहिला ठोका. आता हेच शब्द न्यू ब्रिटनवर गाऊन बघा. त्या चालीत पहिलं अक्षर समेच्या आधी येतं आणि सम दुसऱ्यावर पडते. 'जॉय' निसटतो आणि जोर पडतो 'टु'वर. अक्षरं बरोबर, गाणं मात्र लंगडं.

उलट केलंत तर दुसरी अडचण. अँटिऑकमध्ये शेवटची ओळ तुकड्यातुकड्यांनी पुन्हापुन्हा येते. ८.६.८.६ या आकड्यांत ती पुनरावृत्ती दिसत नाही. म्हणून चाल जोडताना अक्षरं मोजा, पहिला जोर कुठे पडतो ते बघा, पुनरावृत्ती तपासा, आणि सगळी कडवी मोठ्याने म्हणून बघा. पहिलं कडवं नीट बसतं आणि तिसऱ्यात जोर उलटतो, असं पुष्कळदा होतं.

मराठीत आणखी एक पेच आहे. आपल्याकडे इंग्रजीसारखा आघात नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ आहे. पाश्चात्त्य चालीतला लांब स्वर 'प्रभु'मधल्या 'प्र'वर आला की ऐकू येतं 'प्राभु'. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळीसाठी अभंग-ओवीच्या घाटात भजनं लिहिली, तिथे हा पेच पडत नाही. ते छंद मराठीच्या जिभेवरच घडलेले आहेत.

करून बघायचं असेल तर 'अमेझिंग ग्रेस'चे शब्द 'सेंट ॲन' चालीवर गा. मीटर तेच, आणि इथेही सम दुसऱ्या अक्षरावर. चारही ओळी अडखळल्याशिवाय बसतील.