चूक नेमकी कुठे होते आहे?

(दृश्य : वजाबाकीची एक उत्तरपत्रिका, हळूहळू जवळून.)

पडद्यावर दिसणारी ही उत्तरपत्रिका नमुन्यादाखल तयार केलेली आहे. पण असा पेपर कधीच हाती न आलेला प्राथमिक शिक्षक शोधून सापडणे कठीण. ५२ वजा ३७ याचे उत्तर मुलीने २५ लिहिले आहे, ९४ वजा ५८ याचे ४४, आणि ७० वजा २४ याचे ५४. तिन्ही उत्तरे चुकली आहेत. त्याखालची ७८ वजा ३५ आणि ८६ वजा ५२ ही दोन उदाहरणे मात्र अचूक सुटली आहेत. पाचपैकी दोन गुण मिळाले, शेजारी ‘सराव वाढवावा’ असा शेरा पडला आणि पेपर गठ्ठ्यात गेला.

आता तीच उत्तरे पुन्हा एकदा सावकाश पाहू. या मुलीने प्रत्येक स्थानावरच्या दोन अंकांपैकी मोठ्यातून लहान वजा केला आहे. मोठा अंक वर आहे की खाली, याकडे तिने पाहिलेले नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले. बिनहातच्याची वजाबाकी तिला उत्तम येते. एक दशक सुटा करून त्याचे दहा एकक करता येतात, एवढीच गोष्ट तिच्यापर्यंत पोचलेली नाही. ती निष्काळजीही नाही, कारण स्वतः बनवलेला नियम तिने पाचही उदाहरणांत काटेकोरपणे पाळला आहे. तिला याच प्रकारची आणखी वीस उदाहरणे घरी सोडवायला दिली, तर सराव होईल तो त्या चुकीच्या नियमाचा.

अशा नियमबद्ध चुका संगणकाला ओळखता येतील का, हा प्रश्न जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कामात हाताळला. ‘बग्गी’ नावाच्या त्यांच्या प्रणालीत संगणक एखाद्या विद्यार्थ्याची भूमिका घेत असे आणि ठरलेल्या एका चुकीच्या पद्धतीने उदाहरणे सोडवून दाखवत असे. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी त्याला नवनवी उदाहरणे घालून ती पद्धत हुडकून काढायची असे. शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या इतिहासातील हा प्रयोग आम्हाला विशेष मोलाचा वाटतो, कारण इथे यंत्राने मुलाला शिकवण्याऐवजी शिक्षकाला मुलाची चूक वाचायला शिकवले.

(दृश्य : जुन्या काळातील वर्गाचे रेखाचित्र.)

अभ्यासात मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी चाचणी तयार करण्याची कल्पना संगणकाहून कितीतरी जुनी आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची आपली प्रसिद्ध श्रेणी मांडली, तेव्हा ज्या मुलांना नेहमीच्या वर्गात शिकणे जड जाते त्यांना वेगळी मदत मिळावी, हा तिचा उद्देश होता. बुद्धी ही जन्मजात ठरलेली आणि न बदलणारी राशी असते, हे मत बिने यांना मुळीच मान्य नव्हते. पुढे अमेरिकेत तीच श्रेणी नव्या रूपात माणसांची कायमची प्रतवारी लावण्यासाठी वापरली गेली. मदतीसाठी घडवलेले साधन शिक्का मारण्याच्या कामी येते, हा धोका आजच्या टॅबलेटवरील चाचणीलाही तितकाच लागू आहे.

नेहमीच्या वार्षिक परीक्षेची अडचण वेगळी आहे. सातवीत बसलेल्या मुलाला तिसरीच्या पातळीचे गणित येत असेल, तर सातवीची प्रश्नपत्रिका त्याच्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. शंभरपैकी सहा आणि शंभरपैकी नऊ यांतला फरक बहुतेक वेळा अंदाजाने ठोकलेल्या उत्तरांचा असतो. या मुलाला भागाकार येतो का, स्थानिक किंमत कळते का, की वाक्यच वाचता येत नाही म्हणून शाब्दिक उदाहरण अडते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या गुणांत नसते.

इथे संगणकाचा खरा उपयोग होतो. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न थोडा अवघड, चुकले की थोडा सोपा, अशा रीतीने प्रत्येकासाठी वाट बदलत जाणाऱ्या चाचणीला अनुकूली चाचणी म्हणतात. प्रश्नाची काठिण्यपातळी आणि विद्यार्थ्याची क्षमता एकाच मोजपट्टीवर मांडता येतात, हा विचार तिच्या मुळाशी आहे; डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग राश यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या कामातून या विचाराच्या एका महत्त्वाच्या शाखेचा पाया घातला गेला. थोड्याच प्रश्नांत ही चाचणी मुलाच्या खऱ्या पातळीच्या आसपास येऊन थांबते आणि इयत्तेच्या कितीतरी खालीही उतरू शकते. मात्र कोणत्याही मापनात थोडीफार चूक राहतेच आणि ती किती असू शकते, ही मर्यादा चांगली चाचणी निकालासोबत छापते. ती मर्यादा दुर्लक्षून दोन जवळजवळच्या आकड्यांवरून एका मुलाला वरच्या गटात आणि दुसऱ्याला खालच्या गटात टाकणे, हा त्या आकड्यांचा सरळसरळ गैरवापर आहे.

(दृश्य : संगणकापुढे बसलेली मुले, शेजारी एका लहान गटाला शिकवणारी शिक्षिका.)

मुलाच्या खऱ्या पातळीपासून सुरुवात केल्याने काय साधते, याचा चांगला पुरावा दिल्लीत झालेल्या एका अभ्यासातून मिळतो. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहान्द्रो गानिमियान यांनी केलेला हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. शाळेनंतरच्या केंद्रांवर मुले ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर वापरत आणि जोडीला लहान गटात शिकवणीही होत असे. प्रवेश सोडतीने दिले असल्यामुळे तुलना निर्दोष होती. साडेचार महिन्यांनंतर सोडतीत निवडलेल्या मुलांची गणितात आणि हिंदीत स्पष्ट प्रगती दिसली, आणि मुळात मागे असलेल्यांना तुलनेने अधिक लाभ झाला. एक तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही : शाळेच्या, इयत्तेनुसारच्या गणिताच्या परीक्षेत ही प्रगती तशी उमटली नाही. मूल दोन पायऱ्या चढले होते, पण शाळेची मोजपट्टीच त्याच्या बऱ्याच वरून सुरू होत होती. वार्षिक निकाल पाहून मागे पडलेल्या मुलांसाठीचे उपचारात्मक वर्ग निरुपयोगी ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

प्रश्न कसा निवडला आहे, यावरही बरेच काही अवलंबून असते. ०.६ आणि ०.४५ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले असता ०.४५ असे उत्तर देणारे मूल सहाहून पंचेचाळीस मोठे, असा हिशेब करत असते. मग ०.६ हे उत्तर देणाऱ्या मुलाला दशांश अपूर्णांक समजले, असे म्हणावे का? तसे म्हणता येत नाही. दशांश चिन्हानंतर जितके अंक कमी तितकी संख्या मोठी, अशी समजूत असलेली मुलेही असतात आणि त्यांचे उत्तर या प्रश्नापुरते बरोबर येते. त्यांच्यापुढे ०.३ आणि ०.४५ ही जोडी ठेवली की ती ०.३ निवडतात आणि समजूत उघडी पडते. मेलबर्न विद्यापीठात केय स्टेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जोड्यांच्या चाचण्या रचून मुलांच्या समजुतींचे प्रकार वेगळे काढले. शिक्षकाच्या हाती असा प्रश्नसंच असेल, तर कागद आणि पेन्सिलीवरही काम भागते. संगणकामुळे चाळीस मुलांच्या उत्तरांतले प्रकार त्याच तासाला समोर येतात, एवढाच फरक.

वाचनाचे निदान मात्र यंत्राला अजून जड जाते. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी रूढ केलेल्या पद्धतीत मूल मोठ्याने वाचत असताना शिक्षक शेजारी बसून प्रत्येक शब्दाची खूण करतो आणि चूक झाली तर ती कोणती, हेही टिपतो. शंभरात नव्वदपेक्षा कमी शब्द बरोबर येत असतील, तर तो उतारा त्या मुलासाठी अवघड मानला जातो. पण आकड्यापेक्षा टिपण महत्त्वाचे असते. ‘झाडावर पक्षी बसला’ हे वाक्य एक मूल ‘झाडावर पक्की बसला’ असे वाचून पुढे जाते. ते अक्षरांशी झगडते आहे आणि अर्थ सुटला आहे, याची त्याला जाणीव नाही. दुसरे मूल ‘झाडावर चिमणी बसला’ असे वाचते, ‘बसला’पाशी अडखळते, मागे येते आणि ‘पक्षी’ असे सुधारते. त्याने शब्दाचा अंदाज अर्थावरून बांधला आणि व्याकरणाने त्याला सावध केले. हा वाचक वाटेवर आहे.

आवाज ओळखणारे सॉफ्टवेअर आता मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले, हे मोजून देते, त्यामुळे वर्गातल्या प्रत्येक मुलाचे वाचन वारंवार ऐकण्याचा शिक्षकाचा वेळ वाचतो, आणि ध्वनिमुद्रण नंतर पुन्हा ऐकता येते. परंतु केवळ वेग मोजणाऱ्या साधनाच्या लेखी दुसऱ्या मुलाचे मागे येणे म्हणजे वाया गेलेला वेळ. शिवाय लहान मुलांचे आवाज आणि बोलींचे उच्चार ओळखताना ही साधने प्रौढांच्या प्रमाण उच्चारांपेक्षा अधिक चुकतात. घरची बोली वेगळी असलेल्या मुलाच्या नावावर न केलेल्या चुका जमा होणे हा किरकोळ दोष म्हणून सोडून देता येणार नाही.

सराव करून घेणाऱ्या सॉफ्टवेअरची स्वतंत्र गोष्ट आहे. मूल अडले की अशा प्रणाली टप्प्याटप्प्याने सूचना देतात आणि शेवटच्या सूचनेत बहुधा उत्तरच असते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील रायन बेकर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले की काही मुले विचार न करता सूचनेचे बटण दाबत राहतात किंवा पर्याय एकामागून एक ठोकत जातात, आणि अशी मुले शिकण्यात इतरांपेक्षा बरीच मागे राहतात. पडद्यावर त्यांचा धडा ‘पूर्ण’ दिसतो. म्हणून किती धडे पूर्ण झाले, हा आकडा शिक्षकाने सर्वांत शेवटी पाहावा. किती सूचना घेतल्या आणि प्रत्येक प्रश्नावर किती वेळ घालवला, हे आधी पाहावे.

निकाल मुलापुढे कसा ठेवायचा, याबाबत रूथ बटलर यांचा १९८८ सालचा इस्राएलमधील अभ्यास आजही उपयोगी पडतो. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ शेरे, तर काहींना दोन्ही. केवळ शेरे मिळालेल्यांची कामगिरी आणि गोडी टिकली. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांचे वर्तन मात्र केवळ गुण मिळालेल्यांसारखेच राहिले. गुण दिसल्यावर शेरा कोण वाचतो? तरीही बहुतेक अॅप उत्तर देताच तारे, क्रमांक आणि लाल-हिरवे रंग दाखवतात. ही सोय विकत घेणाऱ्यांसाठी आहे, अडखळणाऱ्या मुलासाठी नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

(दृश्य : नोंदींचे तक्ते, त्यावर काम करणारे शिक्षक.)

माहितीचा साठा वाढला की तिच्यावरून भविष्य वर्तवण्याचा मोह होतो. २०२० साली महासाथीमुळे परीक्षा रद्द झाल्यावर इंग्लंडमध्ये शिक्षकांनी दिलेल्या अंदाजी श्रेणी शाळेच्या मागील निकालांचा आधार घेणाऱ्या अल्गोरिदमने बदलल्या. सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्या, आणि १३ ऑगस्टला लागलेला निकाल १७ ऑगस्टला मागे घ्यावा लागला. कमकुवत निकालाच्या शाळेतील हुशार विद्यार्थ्याला आधीच्या तुकड्यांच्या गुणांची किंमत मोजावी लागत होती. मागे पडण्याचा संभव असलेली मुले आधीच ओळखून देणारी साधने आज शाळांना दिली जातात, तीही अशाच जुन्या नोंदींवर बेतलेली असतात. त्यांनी सुचवलेले नाव म्हणजे त्या मुलाशी बोलण्याचे निमित्त, त्यापलीकडे काही नाही.

म्हणून एखादी चाचणी स्वीकारण्यापूर्वी शाळेने काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. निदान झाल्यापासून किती दिवसांत त्या मुलाला शिकवणी सुरू होईल आणि ती कोण देईल, हे त्यात असावे. काही आठवड्यांनी वेगळ्या प्रश्नांवर पुन्हा पडताळणी व्हावी, आणि उणीव भरून निघालेल्या मुलाला त्या गटातून लगेच बाहेर काढावे. नोंदी कोण पाहू शकतो आणि त्या केव्हा पुसल्या जातात, याचे उत्तर सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडून करारातच घ्यावे. दुसरीत अडलेल्या वाचनाची नोंद आठवीच्या शिक्षकापुढे यायचे काहीच कारण नाही.