माणग्याचा मांडव

(दृश्य : श्रावण. मांडवाखालून वर रोखलेला कॅमेरा. लोंबणारे दोडके.)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग. जांबोटीवरून कणकुंबीकडं जाल तसा पाऊस वाढत जातो. जूनमध्ये लागलेली झड सप्टेंबरपर्यंत सुटत नाही. अशा पावसात वेल जमिनीवर पसरला, तर फळ मातीला टेकतं आणि तिथूनच कुजायला लागतं. मांडवावरचा दोडका मात्र आपल्याच वजनानं सरळ लोंबतो. पानांमधून वारा फिरतो. तोडणी करणाऱ्या आक्कांना कंबर मोडावी लागत नाही.

हा मांडव मेमध्ये उभा राहिला. तयारी थंडीतच सुरू झाली होती.

(दृश्य : शेताचा बांध. माणगा या जातीच्या बांबूचं बेट. कोयता.)

मामा, म्हणजे घरातले सासरे, आधी बेटाभोवती नुसते फिरतात. यंदाचे हिरवेगार बांबू सोडायचे. काढायचे ते तीन पावसाळे पाहिलेले, सालीवर पांढुरके डाग चढलेले. पावसाळ्यात नवे कोंब वर येत असतात, तेव्हा बेटाला कुणी हात लावत नाही. थंडीत बांबूतलं पीठ, म्हणजे स्टार्च, कमी झालेलं असतं, आणि बांबू पोखरणारे भुंगेरे येतात ते या पिठासाठीच. अवसेच्या आसपास तोडायची जुनी रीतही मामा पाळतात. घाव बसतो जमिनीलगतच्या गाठीच्या अगदी वर, म्हणजे मागं राहिलेल्या खुंटात पाणी साठत नाही.

(दृश्य : ओढा. पाण्यात दगडांखाली दाबलेले बांबू.)

दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात. उरलंसुरलं पीठ पाण्यात उतरतं. मग सावलीत, भिंतीला उभे टेकवून वाळवण. या कामात पैसा लागत नाही, सवड लागते. बाजारातून घाईनं आणलेल्या बांबूला हे काहीच झालेलं नसतं, आणि तो लवकर किडला की दोष सगळ्या बांबूच्या माथी येतो.

(दृश्य : मे. परडं. पहार, खड्डे.)

खड्डा दोन फूट खोल. खांबाचं जमिनीत जाणारं टोक जाळावर फिरवून काळं करून घेतलंय, वाळवी लवकर लागू नये म्हणून. वरचं टोक गाठीशीच तोडलेलं, नाहीतर पोकळीत पावसाचं पाणी भरून खांब आतून सडतो. चारही कोपऱ्यांना बांबू नाही, गिरीपुष्पाचे ओले दांडे आहेत. पावसात त्यांना मुळं फुटतील, कोपरे जिवंत होतील, आणि त्यांचा पाला खत म्हणून भाताच्या खाचरात जाईल.

उंची साडेसहा फूट. माणसाचा हात पोचला पाहिजे आणि डोकं आपटायला नको.

(दृश्य : आडवे बांबू चढवताना सासरे आणि सून.)

“मामा, जरा खाली घ्या की तुमची बाजू.”
“आधी गाठ घट्ट मार. वारं सुटलं की मग कळतंय.”

वारं पश्चिमेकडून येतं, म्हणून तिरके टेकू पूर्वेच्या अंगाला. वर हातभर अंतरानं चिवा या बांबूच्या बारीक काठ्यांची जाळी. बांधणी वाखाच्या दोरीची. ती भिजली की फुगून आणखी आवळते. नायलॉन गुळगुळीत, ते सरकतं. नीट बघा ही गाठ : दोन वेढे उभे, दोन आडवे, आणि मधून एक पीळ.

(दृश्य : वेगवान चित्रण. दोडक्याचा तणावा काठी शोधताना.)

इथं जरा थांबू. तणावा, म्हणजे वेलाचा दोऱ्यासारखा हात, हवेत गोल फिरत आधार शोधतो. काठीला टेकला की गुंडाळतो, आणि मग मधल्या भागात पीळ पडतो. अर्धा एका दिशेला, अर्धा उलट. त्यानं वेल वर ओढला जातो, आणि वाऱ्यात तटकन तुटतही नाही. शेजारी वालाला तणावे नाहीत, तो खोडानंच वळसे घेत चढतो. दोघांनाही खरबरीत काठी मानवते.

(दृश्य : संध्याकाळ. उमललेली पिवळी फुलं. नंतर टोपल्या, टेम्पो.)

दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. सकाळी माल बेळगावच्या मार्केटात, किंवा चोर्ला घाटातून गोव्याला.

(दृश्य : दुसऱ्या शेतातली फाटकी प्लॅस्टिक जाळी.)

प्लॅस्टिकच्या जाळीतून वाळलेला वेल सुटत नाही, म्हणून बरेच जण दोन्ही एकत्रच पेटवतात.

(दृश्य : पुन्हा बांधावर. कंद खणताना.)

याच तालुक्यातलं भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, तिथलं जंगल आता मांडवासाठी नाही, आणि तेच योग्य आहे. पण आपला बांध आपला आहे. 2017 साली भारतीय वन कायदा बदलला, आणि वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. बांधावर बेट जरूर लावा. माणग्याला काटे नसतात, तो जवळजवळ भरीव असतो, आणि बांधावर मावतो. पहिल्या चांगल्या पावसानंतर, नवे कोंब वर यायच्या आत, मुळांसकट कंद काढा, हातभर खड्ड्यात शेणखत घालून लावा, आणि पहिली दोन वर्षं गुरांपासून जपा. मांडवाजोगे बांबू मिळायला चार-पाच वर्षं लागतात.