मिड-करिअर रेसिडेन्सी: मानवी हक्कांचं काम करणाऱ्यांनी अर्जात लिहायचं तरी काय?

नमस्कार मंडळी! विषयावर येतेच, पण आधी ही वही बघा. (वही कॅमेऱ्याजवळ धरते) आठ वर्षं जुनी आहे, कव्हर कधीच गेलंय. कोठडीत असलेल्यांच्या घरच्यांशी बोलून घेतलेल्या नोंदी आहेत, म्हणून आतली पानं दाखवणार नाही, फक्त हा खालचा कोपरा, नाव बोटाखाली झाकलंय. इथे पेन्सिलने काय खरडलंय वाचा. "पहिल्या दोन दिवसांचा कागद कुणाकडेच नाही. का? नंतर बघू." म्हणजे माणसाला उचलल्यानंतरचे पहिले दोन दिवस.

ते नंतर काही उजाडलंच नाही. सकाळी फोन, अमक्याला उचललंय, वकील शोधा, मग डोनरचा रिपोर्ट अर्धा राहिलाय, मग सुनावणी पुढे ढकलली म्हणून परत घरच्यांना समजावत बसा, आणि ह्याच्यात बघता बघता दहा वर्षं निघून जातात. फील्डवरच्या प्रत्येकाकडे असा एक तरी "नंतर बघू" असतो, आणि मिड-करिअर रेसिडेन्सी ही भानगड खरं तर त्याच्यासाठीच आहे.

म्हणजे काय, तर काही वर्षं काम झालेल्या तुमच्यासारख्याला एखादं विद्यापीठ किंवा संस्था ठरावीक काळासाठी, समजा चार महिने, बोलावते, राहायची सोय, खर्चाला स्टायपेंड, लायब्ररीचं कार्ड, बसायला एक टेबल. बहुतेक ठिकाणी डिग्री नाही की परीक्षा नाही. लोक ह्याला ट्रेनिंग समजतात किंवा इतक्या वर्षांच्या कामाचं बक्षीस समजतात, आणि अर्ज तिथेच फसतो. बक्षीस मागे बघून देतात, इथे समोरचा विचारत असतो की आता ह्या चार महिन्यांत करणार काय.

उदाहरणं देते म्हणजे अंदाज येईल. अमेरिकेत मेन राज्यात कोल्बी कॉलेज आहे, तिथली ओक ह्युमन राइट्स फेलोशिप १९९७ ला उभी राहिली, फ्रंटलाइनवरचा माणूस एक सेमिस्टर तिथे राहतो, विद्यार्थ्यांशी बोलतो आणि उरलेल्या वेळात श्वास घेतो, लिहितो, विचार करतो. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाचा ह्युमन राइट्स अ‍ॅडव्होकेट्स प्रोग्रॅम १९८९ चा, तिथे मात्र वर्ग, भेटीगाठी, निधी कसा उभा करायचा वगैरे बरंच असतं, निवांतपणा शोधायला जाल तर पस्तावाल. अमेरिकन सरकारची हम्फ्री फेलोशिप साधारण दहा महिन्यांची, तिथे किमान ५ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव मागतात. मिड-करिअर म्हणजे नेमकी किती वर्षं ह्याचा सगळीकडे एकच नियम नाही, वयाचा तर नाहीच.

आता एक फरक, तो घाईत सुटतो. काही कार्यक्रम धोक्यात असलेल्यांसाठी असतात. इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठाची प्रोटेक्टिव्ह फेलोशिप २००८ पासून, नेदरलँड्समधून सुरू झालेलं शेल्टर सिटी २०१२ पासून, तिथे साधारण तीन महिने सुरक्षित शहरात राहता येतं. ह्यात तुमचा प्रोजेक्ट किती भारी ह्यापेक्षा तुम्हाला धोका काय आहे हे आधी बघतात. तुमच्यावर पाळत असेल, धमक्या येत असतील तर "माझा संशोधन प्रस्ताव" करत बसू नका, हा दरवाजा ठोठावा. आणि मनात असं असेल की आपण कोण एवढे, हे मोठ्या लोकांसाठी असतं, तर संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९९८ ला मानवी हक्क रक्षकांबद्दलचा जाहीरनामा मंजूर केला तो वाचा, त्यात रक्षक कोण हे हुद्द्यावरून ठरवलेलं नाही, तुम्ही काय करता त्यावरून ठरतं. ऑफिसातला अकाउंट सांभाळणारा पण त्यात येऊ शकतो.

बरं, आता गिल्ट, म्हणजे काम सोडून जाताना वाटणारा अपराधीपणा. मला माहितीये तुम्ही काय म्हणणार, "मी गेले तर इथे कोण बघणार?" मी पण हेच म्हणायचे, अगदी तावातावाने. २०१५ साली प्लॉस वन ह्या संशोधन नियतकालिकात एक अभ्यास आला होता, मानवी हक्कांच्या क्षेत्रातल्या ३४६ जणांचा ऑनलाइन सर्व्हे, त्यात १९ टक्क्यांच्या आसपास लोकांमध्ये पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर मनात टिकून राहणाऱ्या त्रासाची, लक्षणं निदानाच्या पातळीची निघाली. मला त्यातली वेगळीच गोष्ट लागली. जे लोक आपल्याच कामाला सतत कमी लेखतात, परफेक्शनच्या मागे असतात, त्यांचा त्रास जास्त दिसला. म्हणजे ते "मी गेले तर कोण बघणार" आहे ना, ते आपल्याला वाटतं तितकं निव्वळ कर्तव्य नसतं. असो, त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

आता अर्ज. माझा पहिला अर्ज नाकारला गेला, कुठे ते सांगत नाही, आणि चूक त्यांची नव्हतीच. मी काय लिहिलं होतं वाचून दाखवते, लाज वाटते पण वाचते. (मोबाइलवर बघत) "गेली अनेक वर्षे मी वंचितांच्या हक्कांसाठी अहोरात्र झटत असून या संधीमुळे माझ्या कार्याला नवी दिशा मिळेल." अहोरात्र! झटत! हे वाक्य कुणाच्याही अर्जात चिकटवा, बसेल. आणि पुढे दीड पान लोकांवर काय काय अन्याय झाला त्याची यादी, जणू दुःखाचं वजन करून सीट देणार आहेत.

दुसऱ्या वेळी मी ही वही काढली. लिहिलं की माझ्याकडे इतक्या कुटुंबांच्या नोंदी आहेत, जवळजवळ सगळ्यांत अटकेनंतरच्या पहिल्या ४८ तासांचा कागद गायब आहे, अटकेची वेळ एक सांगतात आणि नोंद दुसरीच असते, हा निष्काळजीपणा आहे की पद्धत आहे हे मला तपासायचंय, त्यासाठी सगळ्या नोंदी एका टेबलात मांडायला चार आठवडे लागतील, कायद्याच्या जाणकाराबरोबर बसायचंय, आणि शेवटी वकिलांना वापरता येईल असं दहा पानी टिपण हातात असेल. बस. रडणं नाही, अहोरात्र नाही. इंटरव्ह्यूला बोलावलं, आणि पंधरा मिनिटं ते फक्त त्या ४८ तासांबद्दलच विचारत होते.

पुस्तक लिहीन, डॉक्युमेंटरी करीन आणि नेटवर्कपण उभारीन असं तिन्ही लिहू नका, चार महिन्यांत होत नाही आणि समोरच्यालाही ते कळतं.

शिफारसपत्र मोठ्या नावाचं घेऊ नका, ज्याने तुम्हाला अडचणीत काम करताना बघितलंय त्याचं घ्या. त्याला अर्ज आधी वाचायला द्या, नाहीतर तो तुमचा स्वभाव किती चांगला ह्यावरच पान भरतो.

आणि नोंदींचं काय, हे कुणी बोलत नाही. लोकांनी तुम्हाला केससाठी सांगितलेलं असतं, रेसिडेन्सीतल्या लेखासाठी नाही. परत जाऊन विचारा, नाही म्हणाले तर तो भाग सोडा. माझ्या दोन कुटुंबांनी नकार दिला, त्यातल्या एकाचा तर माझ्याकडचा सगळ्यात स्पष्ट पुरावा होता, काढला मी तो. नावं असलेली मूळ फाइल लॅपटॉपवर घेऊन बॉर्डर ओलांडू नका, लॅपटॉप उघडून तपासू शकतात, एन्क्रिप्ट करा आणि जमलं तर सोबत नेऊच नका.

व्हिसाचं आधीच विचारा, अमेरिकेच्या जे-वन व्हिसावर (अशा एक्सचेंज कार्यक्रमांसाठी मिळतो तो) गेलात तर काही जणांना नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. कुटुंबाला नेता येतं का, विमा कोण काढतं, परत आल्यावर तुमची खुर्ची जागेवर असेल का, हे तुमच्या संस्थेकडून लेखी घ्या, तोंडी "हो हो जा की" वर जाऊ नका. तुमच्या केसेस कोण बघणार ते निघायच्या महिनाभर आधी ठरवा आणि त्या माणसाला घेऊन एकदा तरी प्रत्येक घरी जाऊन या, नुसता नंबर दिला तर लोक तुम्हालाच फोन करतात, मी अनुभवलंय, पहाटे तीनला.

डेडलाइन त्यांच्या टाइम झोनने असते हे तेवढं बघून ठेवा. अर्ज लिहिलात तर पहिला परिच्छेद खाली कमेंटमध्ये टाका, पण नाव-गाव काढून.