भाकरीवरचे ठिपके आणि बाटलीतलं ऊन
(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या कॉलेजात विज्ञान दिनानिमित्त दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून)

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे : "मॅडम, अंग सावळं करायची क्रीम खरंच असते काय?" असते. आणि महाग असते. हसू नका बाप्पा! निंदणाहून आल्यावर आपण बेसन-दही लावून जो रंग काढू पाहतो, तोच थंड देशातल्या बाया न्हाणीत उभ्या राहून अंगाला चोपडतात.

त्या क्रीमचं खरं काम रंग करत नाही, साखर करते. डायहायड्रॉक्सीॲसिटोन, तीन कार्बनची. १९५०च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला संशोधक एव्हा विटगेनस्टाइन ही साखर आजारी मुलांना पाजून पाहत होत्या. मुलांच्या अंगावर ती सांडली, तिथं काही तासांनी तपकिरी डाग उमटले. कपडे मात्र कोरेच. कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातल्या प्रथिनांशी ही साखर जुळते. भाकरीवर ठिपके पडतात, तेही साखर-प्रथिनांचंच काम. त्याला मायार अभिक्रिया म्हणतात. भाकरीला तव्याची धग लागते, इथं अंगाची ऊब पुरते.

आता कळीचा प्रश्न : रंग सारखा का येत नाही? मेंदी आठवा. तळहातावर गडद, मनगटाच्या वर फिकी. मेलेला थर जिथं जाड, तिथं रंग जास्त. म्हणून कोपर, गुडघे, घोटे काळपट दिसतात. आदल्या दिवशी वज्रीनं अंग हलकं घासायचं, आणि या जागांवर आधी साधं मॉइश्चरायझर पातळ लावायचं. क्रीम लावताना हातमोजे हवेत, नाहीतर तळहात नारिंगी होतात. मग सहा-आठ तास पाणी नाही, घाम नाही.

घाम नाही! माझ्या भाचीनं परदेशातून अशी बाटली आणली, तीही मे महिन्यात. त्यात लाइन गेली, कूलर बंद. सकाळी पायांवर ओघळच ओघळ. आई म्हणाली, "काहून वं, चिखलात उभी होतीस काय?" आठवडाभर पोरगी पायघोळ सलवारीत. तेवढ्यात तो थर झडतो अन् रंगही जातो.

हा रंग उन्हापासून वाचवत नाही, हे लक्षात ठेवा. उन्हानं येतो तो मेलॅनिनचा, म्हणजे कातडीच्या स्वतःच्या रंगद्रव्याचा. तो आतल्या जिवंत पेशी तयार करतात. पऱ्हाटीतला कापूस वेचताना तुम्ही नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालता, तोच बरा.

दुसरी चिठ्ठी गोरं व्हायच्या ट्यूबची आहे. बाटलीतला रंग मेलेल्या थरातच थांबतो. काही ट्यूबांमध्ये मात्र स्टेरॉइड नावाचं औषध असतं, ते खाली उतरतं आणि कातडी पातळ करतं. घरी गेल्यावर ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही दिसलं, तर ती ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा. फार दिवस लावत असाल तर एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो.