टोंगळ्याचं वंगण

नमस्कार मंडळी. कापसाची वेचणी सुरू आहे. दिवस मावळता बाया वावरातून घरी येतात, ओसरीवर टेकतात अन् पहिला हात जातो टोंगळ्यावर. पुस्तकात त्याला गुडघा म्हणतात, पण दुखतो तो टोंगळाच! म्हणून आज मीही टोंगळाच म्हणणार.

बंडीचं चाक कुरकुरलं की आपण आसाला वंगण घालतो. टोंगळ्याचं वंगण मात्र आतच तयार होतं. वरून मांडीचं हाड येतं, शरीरातलं सगळ्यात लांब. खालून नडगीचं, आणि पुढे झाकणासारखी वाटी. हाडं जिथं एकमेकांवर सरकतात तिथं गुळगुळीत कुर्चा असते, म्हणजे हाडाहून मऊ, लवचीक थर. सांध्याभोवती पिशवी असते. तिच्या अस्तरातून अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत पाणी झिरपतं, तेच वंगण.

आता गंमत ऐका. या कुर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत. मग ती जगते कशावर? याच पाण्यावर. पाय टेकला की ती दबते अन् पाणी बाहेर जातं, भार उठला की ते पुन्हा शोषून घेते. म्हणजे चालणं हेच तिचं जेवण. "टोंगळा दुखतो म्हणून खाटेवरून उठतच नाही," असं कोणी म्हटलं की मला म्हणून काळजी वाटते.

पण निंदताना तासन्‌तास उकिडवं बसणं म्हणजे चालणं नव्हे. तेव्हा वाटीमागे सतत दाब राहतो. एक ओळ झाली की उभं राहा, चार पावलं टाका. घरी खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करा, दहा आकडे मोजा, खाली ठेवा. मांडीचा स्नायू बळकट असला की टोंगळ्यावरचा भार हलका होतो. तेलाची मालीश जरूर करा, बरं वाटतं. तेल आतपर्यंत पोचत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

बाजारात मिळणारी बिननावाची पुडी मात्र घेऊ नका. दोन दिवसांत दुखणं पळतं, कारण अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड, म्हणजे सूज अन् दुखणं झटकन दाबणारं औषध, मिसळलेलं असतं. महिनोन्‌महिने खाल्लं तर हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या हाडाचं गोल डोकंही रक्ताअभावी मरू शकतं.

मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं असतात, आणि ती काही वाळलेली लाकडं नाहीत. त्यांनाही रक्त लागतं. खुब्याच्या त्या डोक्याला ते मोजक्याच बारीक वाहिन्यांतून मिळतं. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, वाहिनीत अडकतात, आणि त्या अडथळ्यापलीकडचं हाड उपाशी राहतं. तिशीच्या आतला पोरगा लंगडतो, मांडीच्या सांध्यात दुखतं म्हणतो, अन् घरचे म्हणतात, "वात आहे, जाईल." वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. सिकलसेल निघाला तर खुब्याचा एक्स-रेही काढायला सांगा. सुरुवातीला तो साफ दिसू शकतो. तरीही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना एमआरआयचं, म्हणजे चुंबकाच्या यंत्रानं हाडाच्या आतलं दाखवणाऱ्या तपासणीचं, विचारा.